न सुटलेल्या गणितांचे मोल

गणित हे एकदाचे पुरे झालेले शास्त्र आहे, अशी आपल्या सुशिक्षित समाजाची एक दृढ समजूत आहे. वैद्यकात नवी औषधे निघतात, खगोलशास्त्रात नवे तारे सापडतात, हे त्यास ठाऊक असते. परंतु गणितात आता नवे काय निघावयाचे, असे विचारले तर चांगला पदवीधरही क्षणभर निरुत्तर होतो. याचा दोष त्याच्याकडे जात नाही. शाळेत पाऊल टाकल्यापासून पदवी पदरात पडेपर्यंत जी जी उदाहरणे त्याच्यापुढे आली, त्या प्रत्येकाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर छापलेले होते. ज्याचे उत्तर जगाच्या पाठीवर कोणालाच ठाऊक नाही असे एकही उदाहरण त्याला कधी कोणी दाखविले नाही. साहजिकच सगळी गणिते पूर्वसूरींनी सोडवून ठेवली असून आपले काम ती पुन्हा सोडवून दाखविण्यापुरतेच आहे, अशी त्याची धारणा होते आणि ती जन्मभर टिकते.

वस्तुस्थिती अगदी उलट आहे. गणितात अनुत्तरित प्रश्नांची मुळीच वाण नाही, आणि त्यांतील कित्येक प्रश्न समजून घेण्यास बेरीज-वजाबाकीपलीकडचे ज्ञानही लागत नाही. विशेषतः मांडण्यांचे गणित, म्हणजे ज्याला समचयात्मक गणित म्हणतात ते, आणि बिंदू व त्यांना जोडणाऱ्या रेषांचे गणित, म्हणजे आलेख-सिद्धांत, या दोन शाखा अशा प्रश्नांनी भरलेल्या आहेत. हे प्रश्न विद्यार्थ्यांपासून दडवून ठेवण्यात आपण त्यांचे व गणिताचेही नुकसान करीत आहोत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी एका प्रश्नाची हकीकत थोडी सविस्तर सांगावयास हवी. तिचा प्रारंभ रशियाच्या राजधानीत होतो आणि तिचा एक धागा नागपूर-मुंबईपर्यंत येऊन पोहोचतो.

छत्तीस अधिकारी

लेओनार्ड ऑयलर हा अठराव्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणिती. जन्माने स्विस, आयुष्याचा मोठा भाग मात्र सेंट पीटर्सबर्ग व बर्लिन येथील अकादमींच्या सेवेत गेलेला. उतारवयात दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही त्याचे लेखन अखंड चालू होते. १७७९ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे एक निबंध सादर केला व तो १७८२ मध्ये छापून निघाला. त्यातील प्रश्न असा : सहा पलटणी आहेत. प्रत्येक पलटणीतून सहा निरनिराळ्या हुद्द्यांचा एकेक अधिकारी, असे एकूण छत्तीस अधिकारी आहेत. त्यांना सहा ओळी व सहा रांगांच्या चौरसात असे उभे करावयाचे की, प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत सहाही पलटणी व सहाही हुद्दे बरोबर एकेकदा यावेत. हे जमेल काय?

प्रश्न नीट उमजण्यासाठी लहान उदाहरण घेऊ. तीन पलटणींना अ, ब, क म्हणू आणि तीन हुद्द्यांना १, २, ३ असे अंक देऊ. पहिल्या ओळीत अ१, ब२, क३. दुसऱ्या ओळीत ब३, क१, अ२. आणि तिसऱ्या ओळीत क२, अ३, ब१ असे उभे केले की काम झाले. कोणत्याही ओळीत वा रांगेत अक्षराची किंवा अंकाची पुनरुक्ती होत नाही आणि नऊच्या नऊ जोड्या एकेकदाच येतात. अशा मांडणीला ग्रीक-लॅटिन चौरस म्हणतात. कारण ऑयलरने एका गोष्टीसाठी ग्रीक व दुसरीसाठी लॅटिन अक्षरे वापरली. चौरसाच्या एका बाजूस जितकी घरे तितका त्याचा ‘क्रम’.

ऑयलरने सर्व विषम क्रमांचे, तसेच चाराने भाग जाणाऱ्या सर्व क्रमांचे चौरस रचून दाखविले. राहिल्या फक्त चाराने भागले असता बाकी दोन उरते अशा संख्या : २, ६, १०, १४, १८ आणि पुढे. दोनाचा चौरस होत नाही, हे कोणीही कागदावर पाहू शकेल. सहाचा चौरस पुष्कळ खटपट करूनही ऑयलरला साधला नाही. त्यावरून त्याने अटकळ बांधली की, या मालिकेतील एकाही संख्येचा चौरस होणे शक्य नाही. त्याने सिद्धता दिली नव्हती, दिल्याचा आवही आणला नव्हता. परंतु अटकळ ऑयलरची होती. तेव्हा तिला सिद्धांताचे नसले तरी जवळपास तेवढेच वजन प्राप्त झाले.

त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर, १९०० व १९०१ मध्ये, गास्ताँ तारी या फ्रेंच हौशी गणित्याने सहाच्या क्रमाचे लॅटिन चौरस पद्धतशीरपणे तपासून छत्तीस अधिकाऱ्यांची मांडणी खरोखरच अशक्य असल्याचे सिद्ध केले. पहिली ओळ व पहिली रांग ठरावीक अनुक्रमाने लिहिली तरी असे चौरस ९,४०८ भरतात. त्यांची मोजक्या कुळांत विभागणी करून एकेक कूळ हातानेच निकालात काढण्याचे हे काम चिकाटीचा नमुना म्हणून दाखवावे असे आहे. सहाच्या बाबतीत ऑयलर खरा ठरला म्हटल्यावर दहा, चौदा, अठरा यांविषयीही तो खरा असणारच, हा विश्वास अधिकच बळावला. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या काही दशकांत या अटकळीच्या ‘सिद्धता’ही प्रसिद्ध झाल्या, त्या सर्व सदोष निघाल्या. ज्या गोष्टीवर सर्वांचा आधीच विश्वास असतो तिच्या सिद्धतेतील छिद्र दिसणे किती कठीण असते, याचे हे उत्तम प्रत्यंतर होय.

शेतातून आलेला धागा

मध्यंतरी हा विषय एका अनपेक्षित वाटेने व्यवहारात उतरला. शेतावर पिकांच्या पाच जातींची तुलना करावयाची असेल तर जमिनीचा कस सगळीकडे सारखा नसतो, ही मोठी अडचण असते. एखादी जात चांगली उतरली ती बियाण्याच्या गुणाने की त्या तुकड्याच्या सुपीकतेने, हे कसे ठरवावयाचे? शेताचे पाच ओळी व पाच रांगांत तुकडे पाडून प्रत्येक ओळीत व रांगेत प्रत्येक जात एकेकदाच पेरली, तर दोन्ही दिशांचा भेद आपोआप समतोल होतो. हा लॅटिन चौरसच होय. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीचे जे शास्त्र उभे केले, त्यात या चौरसांना मानाचे स्थान मिळाले.

प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत या शास्त्राचा अभ्यास सुरू झाला आणि तेथे राजचंद्र बोस यांच्यासारख्या शुद्ध भूमितीच्या अभ्यासकाला त्याने ओढून घेतले. एकमेकांशी जुळणाऱ्या लॅटिन चौरसांचा पूर्ण संच आणि सांत बिंदूंची एक विशिष्ट भूमिती या दोन गोष्टी वस्तुतः एकच आहेत, हे बोस यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. पुढे १९४९ मध्ये ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० मध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्यांत एक मराठी तरुण होता : शरदचंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ मध्ये सागर येथे, शिक्षण नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात, आणि अध्यापनही काही काळ नागपुरातच.

१९५९ मध्ये बोस व श्रीखंडे यांनी बाविसाच्या क्रमाचा ग्रीक-लॅटिन चौरस रचला. बावीस ही ऑयलरच्या ‘अशक्य’ मालिकेतीलच संख्या. त्यांच्या पद्धतीची कल्पना स्थूलमानाने अशी की, मोठ्या संचातून लहान लहान गट असे निवडावयाचे की कोणतेही दोन घटक नेमक्या एकाच गटात एकत्र यावेत. मग त्या लहान गटांवरील चौरस कौशल्याने एकमेकांत बसवून मोठा चौरस उभा करावयाचा. याच सुमारास अमेरिकेतील ई. टी. पार्कर यांनी दहाच्या क्रमाचा चौरस तयार केला. त्यानंतर तिघांनी मिळून सिद्ध केले की, दोन आणि सहा हे दोनच अपवाद; बाकी प्रत्येक क्रमाचा ग्रीक-लॅटिन चौरस होतो. १७७ वर्षे उभी असलेली अटकळ एका वर्षात जमीनदोस्त झाली. २६ एप्रिल १९५९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पृष्ठावर दिली. ऑयलरचा बेत बिघडविणारे म्हणून या तिघांना गणिती जगात एक थट्टेचे नावही पडले.

या हकीकतीला एक विलक्षण पुरवणी आहे. दहाच्या क्रमाचे लॅटिन चौरस कसेही निवडले तर त्यांतील सुमारे साठ टक्क्यांना जोडीदार सापडतो, असा अंदाज २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आला. म्हणजे जी गोष्ट जगात नाहीच असे सर्वांनी धरून ठेवले होते, ती दुर्मिळसुद्धा नव्हती! ज्याच्या पुराव्यासाठी पावणेदोन शतके गेली तो पुरावा प्रत्येक पाच चौरसांपैकी तीन चौरसांत पडलेला होता. दोन आणि सहा या लहान संख्यांच्या अनुभवावरून अनंत संख्यांविषयी बोलणे किती धोक्याचे असते, याचा याहून बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

दोन ते सहा

येथे हकीकत संपली असती तर ती एका विजयाची कथा झाली असती. परंतु गणितातील एक प्रश्न सुटतो तो पुढच्या प्रश्नाला वाट करून देऊनच. दहाच्या क्रमाचे दोन लॅटिन चौरस एकमेकांशी जुळतात. मग असे तीन चौरस मिळतील काय, की ज्यांतील कोणतेही दोन परस्परांशी जुळावेत? १९५९ पासून आजपर्यंत हा प्रश्न अनुत्तरित आहे. असा त्रिकूट कोणाला सापडलेला नाही आणि तो असणे शक्य नाही, हेही कोणाला दाखविता आलेले नाही.

वरून मर्यादा मात्र घालता येते. दहाच्या क्रमाचे जास्तीत जास्त नऊ चौरस परस्परांशी जुळू शकतील, हे सहज सिद्ध होते. असे नऊ मिळणे म्हणजे बोस यांच्या सिद्धांतानुसार दहाच्या क्रमाचे एक प्रक्षेपीय प्रतल मिळणे. या प्रतलात १११ बिंदू व १११ रेषा असावयाच्या, प्रत्येक रेषेवर ११ बिंदू, कोणत्याही दोन बिंदूंतून एकच रेषा आणि कोणत्याही दोन रेषांचा एकच छेदनबिंदू. माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातील क्लेमंट लाम व त्यांचे सहकारी यांनी संगणकाच्या साहाय्याने प्रदीर्घ शोध घेऊन असे प्रतल अस्तित्वात नसल्याचे १९८९ मध्ये जाहीर केले. आता याला श्रीखंडे यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले एक प्रमेय जोडावे. ते सांगते की, चाराचा अपवाद वगळता, क्रमाहून तीनने कमी इतके परस्परांशी जुळणारे चौरस हाती आले तर उरलेले दोन आपोआप रचता येतात. म्हणजे सात मिळाले असते तर नऊही मिळाले असते. नऊ नाहीत, तेव्हा सातही नाहीत. तात्पर्य, दहाच्या बाबतीत खरी संख्या दोन ते सहा यांच्यामध्ये कोठेतरी आहे. एकविसाव्या शतकातील समग्र गणितशास्त्राला दहाच्या पाटीविषयी याहून अधिक काही ठाऊक नाही, ही गोष्ट अंतर्मुख करणारी नाही काय?

बाराच्या क्रमाचे प्रक्षेपीय प्रतल आहे की नाही, हेही कोणी सांगू शकलेले नाही. आजवर जी प्रतले मिळाली त्या सर्वांचा क्रम मूळ संख्या किंवा मूळ संख्येचा घात आहे. इतर क्रमांचे प्रतल होतच नाही, असे बहुतेकांना वाटते. परंतु ऑयलरलाही असेच काहीसे वाटले होते!

ओळखीची माणसे

आलेख-सिद्धांतातील दोन प्रश्न तर घरगुती भाषेत सांगता येतात. सहा माणसे एकत्र आली की त्यांत एकमेकांच्या ओळखीची तिघे तरी असतात किंवा परस्परांना अनोळखी अशी तिघे तरी असतात. हे सिद्ध करणे सोपे आहे. कोणाही एकाला निवडा. उरलेल्या पाचांपैकी निदान तिघे त्याच्या ओळखीचे असतील किंवा निदान तिघे अनोळखी असतील. समजा, तिघे ओळखीचे आहेत. त्या तिघांत कोणा दोघांची आपसांत ओळख असेल तर पहिल्यासह ओळखीचे त्रिकूट झाले. कोणाचीच नसेल तर तेच तिघे अनोळखी त्रिकूट होत. दुसरा पर्यायही असाच उलगडतो. फ्रँक रॅम्झी या अवघ्या सव्विसाव्या वर्षी दिवंगत झालेल्या केंब्रिजच्या तत्त्वचिंतकाचा १९३० मध्ये प्रसिद्ध झालेला सिद्धांत याच कल्पनेचे व्यापक रूप होय. त्रिकुटाऐवजी चौकडी हवी असेल तर अठरा माणसे लागतात, हे १९५५ मध्ये सिद्ध झाले. पाचांच्या टोळीसाठी किती? त्रेचाळीस माणसांहून कमी पुरणार नाहीत आणि शेहेचाळीस निश्चित पुरतील, एवढेच आज सांगता येते; त्यांतील शेहेचाळीसची मर्यादासुद्धा २०२४ मध्ये हाती आली. संगणकाकडून सर्व शक्यता तपासून घ्याव्यात असे कोणी सुचवील. परंतु त्रेचाळीस माणसांत ९०३ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी ओळखीची किंवा अनोळखी धरली तर एकूण शक्यतांची संख्या लिहिण्यास २७२ अंक लागतात. नुसत्या यंत्रबळाने हा गड सर होणारा नाही.

दुसरा प्रश्न एका काल्पनिक गावाचा. गावात ३,२५० माणसे आहेत. प्रत्येकाची नेमक्या सत्तावन्न जणांशी ओळख आहे. ज्या दोघांची आपसांत ओळख आहे त्यांचा तिसरा सामाईक परिचित कोणी नाही. ज्यांची ओळख नाही अशा कोणत्याही दोघांचा सामाईक परिचित मात्र बरोबर एकच आहे. असे गाव असू शकेल काय? हॉफमन व सिंगलटन यांनी १९६० मध्ये दाखविले की, अशा प्रकारच्या गावात प्रत्येकाच्या ओळखी दोन, तीन, सात किंवा सत्तावन्न एवढ्याच असू शकतात. पहिली तीन गावे अस्तित्वात आहेत. त्यांची लोकसंख्या अनुक्रमे पाच, दहा व पन्नास. चौथ्या गावाचा ठावठिकाणा सहा दशके उलटूनही लागलेला नाही.

अशा ओळखींच्या जाळ्यांत श्रीखंडे यांच्या नावाचेही एक जाळे आहे. बुद्धिबळाच्या पटाचा चार घरे लांब व चार घरे रुंद असा तुकडा घ्या आणि हत्ती एका घरातून ज्या घरात जाऊ शकतो ती घरे रेषेने जोडा. सोळा बिंदूंच्या या आकृतीत प्रत्येक बिंदूला सहा शेजारी असतात आणि कोणत्याही दोन बिंदूंचे सामाईक शेजारी नेमके दोन असतात. अन्य आकारांच्या चौरस पटांच्या बाबतीत अशा मोजमापांवरून आकृती पूर्णपणे निश्चित होते. परंतु चारच्या पटाची तीच मोजमापे असलेली आणखी एक, सर्वस्वी वेगळी आकृती आहे, हे श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये दाखविले. जगभरच्या आलेख-सिद्धांताच्या ग्रंथांत ती ‘श्रीखंडे आलेख’ याच नावाने ओळखली जाते. हे नाव महाराष्ट्रातील गणिताच्या किती विद्यार्थ्यांच्या कानांवर पडले आहे, याचा विचार आपण करावयास हवा.

यंत्र आणि खात्री

संगणकाचा उल्लेख वर आलाच आहे, तेव्हा त्यातून उद्भवलेल्या एका मूलभूत वादाकडे वळणे प्राप्त आहे. कोणताही नकाशा चार रंगांत असा रंगविता येतो की सीमा लागून असलेल्या प्रदेशांना एकच रंग येऊ नये, ही कल्पना १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला सुचली. १८७९ मध्ये केंपे यांनी दिलेली सिद्धता अकरा वर्षे बिनतक्रार मान्य झाली. १८९० मध्ये हीवुड यांनी तिच्यातील चूक दाखविली. अखेर १९७६ मध्ये अपेल व हाकेन यांनी संगणकाला सुमारे बाराशे तास राबवून हे प्रमेय सिद्ध केले. तेव्हा प्रश्न निघाला की, जी सिद्धता कोणी मनुष्य डोळ्यांखालून घालू शकत नाही तिला सिद्धता म्हणावे काय?

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नव्हता. लाम यांनी स्वतःच नमूद केले आहे की, त्यांनी वापरलेल्या महासंगणकात दर हजार तासांमागे सुमारे एक अज्ञात चूक संभवते. त्यांच्या निष्कर्षाची २०२१ मध्ये वेगळ्या पद्धतीने फेरतपासणी झाली, प्रत्येक पायरीचा यंत्राने पडताळता येईल असा दाखला ठेवण्यात आला. तीत पूर्वीच्या काही शोधांतील तपशिलांच्या विसंगती आढळल्या. निष्कर्ष मात्र तोच राहिला. चार रंगांच्या प्रमेयाची अशीच काटेकोर यांत्रिक पडताळणी २००५ मध्ये झाली. यातून निघणारा बोध यंत्राच्या बाजूचाही नाही आणि विरुद्धही नाही. १९५९ चा चौरस मानवी कल्पकतेने दिला, १९८९ चा नकार यंत्राच्या सोशिकतेने. परंतु दोन्ही वेळी शेवटचा शब्द ‘कशावरून?’ या प्रश्नाच्या उत्तराचा होता. सिद्धता देणारा कोण, हे गणितात गौण असते. तो ऑयलर असो, नागपूरचा प्राध्यापक असो वा लोखंडी पेटी असो, त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाही. त्याचा पुरावा तपासला जातो.

उपयोग काय?

यावर एक रोखठोक सवाल येणार याची कल्पना आहे : दहाच्या क्रमाचे तीन चौरस सापडले काय आणि न सापडले काय, त्यामुळे कोणाच्या घरची चूल पेटणार आहे? लॅटिन चौरसांनी शेतीच्या प्रयोगांत केलेली कामगिरी सांगून हा सवाल परतवून लावता येईल. याच विषयाच्या अंगाने वाढलेले गणित संदेशवहनातील चुका आपोआप दुरुस्त करण्याच्या कामी येते, असेही सांगता येईल. बोस यांचे नाव त्या क्षेत्रातही गाजलेले आहे. परंतु प्रामाणिकपणे बोलावयाचे तर या तिसऱ्या चौरसाचा कदाचित कधीच काही उपयोग होणार नाही. त्याचे मोल दुसऱ्या ठिकाणी आहे. आपल्याला काय ठाऊक आहे आणि आपण काय नुसते धरून चाललो आहोत, या दोहोंतील सीमारेषा इतक्या लख्खपणे दाखविणारे दुसरे साधन मनुष्यजातीपाशी नाही. राजकारणात, अर्थकारणात, धर्मकारणात ही रेषा सदैव पुसट असते. गणितातील अनुत्तरित प्रश्न ती पुसू देत नाही. कितीही मोठ्या माणसाचे मत, कितीही वर्षांचा अनुभव, कितीही उदाहरणांची रास त्याच्यापुढे अपुरी ठरते. ज्या समाजात प्रत्येक वादाचा निकाल वक्त्याच्या थोरवीवर लागतो, त्या समाजाला ही शिस्त परवडणार नाही असे म्हणणे म्हणजे रोग्याला औषध परवडणार नाही असे म्हणण्यासारखे आहे.

आपल्या परंपरेत या विषयाचे वावडे मुळीच नव्हते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ या नावाने मांडण्यांच्याच गणिताचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे धरता येतील, असा गोड प्रश्न विचारून त्यांनी ३६,२८,८०० हे उत्तर दिले आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांच्या ५,०४० क्रमांची गणना केली आणि त्यांतील कोणताही क्रम कितवा, हे काढण्याची रीतही सांगितली. परंतु पूर्वजांच्या नावाने पाठ थोपटून घेण्यासाठी हे सांगितलेले नाही. ज्या भूमीत हे प्रश्न विचारले गेले तेथील मुलांना आज फक्त उत्तरेच दिली जातात, ही विसंगती ध्यानात यावी म्हणून सांगितले.

ती विसंगती दिवसेंदिवस वाढत आहे. प्रवेशपरीक्षांच्या शर्यतीत गणित म्हणजे ठरावीक मिनिटांत चार छापील उत्तरांपैकी एकावर खूण करणे, असे समीकरण होऊन बसले आहे. या कसरतीत चपळाईची परीक्षा होते, हे मान्य. परंतु एखादा प्रश्न महिनोन्‌महिने मनात बाळगणे, त्याला दहा बाजूंनी भिडणे, हरणे आणि हरण्यातूनही काही शिकणे या गुणांना तीत एकही गुण नाही. उत्तर नसलेला प्रश्न पाहिला की आपला हुशार विद्यार्थी तो ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून सोडून देतो. त्याला तसेच शिकविले गेले आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. माध्यमिक शाळेपासून पदवीपर्यंतच्या गणिताच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या अखेरीस, उत्तरांच्या पानांनंतर, आणखी दोन पाने असावीत. त्या इयत्तेच्या विद्यार्थ्याला समजतील, परंतु जगात कोणालाही सुटलेले नाहीत, असे चार-पाच प्रश्न सोप्या मराठीत तेथे द्यावेत. ते परीक्षेला नसावेत, हे ओघानेच आले. प्रत्येक प्रश्नाखाली तो कोणी व केव्हा विचारला, कोठवर मजल गेली आहे, हे दोन ओळींत सांगावे. अशाने कोवळी मुले भलत्या नादी लागतील, अर्धवट सिद्धता घेऊन शिक्षकांच्या मागे लागतील, अशी भीती कोणी घालील. लागू द्यावे. आपली सिद्धता कोठे तुटते हे शिक्षकाच्या साहाय्याने ज्याने एकदा पाहिले, त्याला सिद्धता म्हणजे काय ते दहा प्रमेये पाठ करणाऱ्याहून अधिक कळले, असे समजावयास हरकत नाही. मात्र त्यासाठी ‘हे मलाही ठाऊक नाही, आपण मिळून पाहू’ असे वर्गात म्हणण्याचा मोकळेपणा शिक्षकापाशी हवा, आणि तसे म्हटल्याने त्याचा मान उणावत नाही हे पालकांनाही उमजावयास हवे.

श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात आले. तेथे गणित विभागाची व प्रगत अभ्यासकेंद्राची उभारणी करून १९७८ मध्ये ते निवृत्त झाले, आणि एप्रिल २०२० मध्ये वयाच्या एकशेदोनाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शंभरी ओलांडलेल्या या गणित्याच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच विषयातील दहाचा तिसरा चौरस साठ वर्षे हुलकावण्या देत राहिला. तो चौरस आहे की नाही, हे उद्या एखादी महाप्रचंड यंत्रणा सांगेल किंवा एखादी तल्लख कल्पना सांगेल. ती कल्पना चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या मुलीच्या डोक्यात येण्यास निसर्गाची काही आडकाठी नाही. परंतु त्यासाठी असा काही प्रश्न शिल्लक आहे, ही वार्ता तरी आधी तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. ते काम मात्र आपले आहे.